खरेदीखताच्या दिवशी उशीर झाला तर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणतात. बांधलेले घर विकत घेतले तर त्रास वाचेल, असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. घर बांधणाराला गवंडी आणि सुतार दमवतात, घर विकत घेणाराला कागद दमवतात. आणि सर्वांत जास्त दमवतो तो खरेदीखताचा दिवस.

त्या दिवशी काय होते, ते आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. तालुक्याच्या रजिस्टर कचेरीबाहेर माणसे सकाळपासून बसलेली असतात. भाकरीची फडकी सुटतात. पोरे कंटाळून रडतात. कुणाचा साक्षीदार आलेला नसतो. कुणाची बहीण वाटेत अडकलेली असते. मध्येच आतून कुणीतरी सांगते, "सर्व्हर बंद आहे. थांबा." मग माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस घाई करतो. आणि घाईत केलेली चूक पुढे वर्षानुवर्षे निस्तरावी लागते.

म्हणून हा पाठ लिहिला आहे. खरेदीखताला उशीर झाला म्हणजे घर हातचे गेले, असे मुळीच नाही. घर उशिराने जात नाही, घाईने जाते. ही एकच गोष्ट आज आपण नीट समजून घेऊ.

घर आपले केव्हा होते?

पैसे दिले, किल्ली घेतली, आत चूल मांडली, म्हणजे घर आपले झाले का? कायदा म्हणतो, नाही.

आपल्या देशात १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. १९०८ सालचा नोंदणीचा कायदा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची वा जमिनीची विक्री नोंदलेल्या कागदानेच होते, असे हे कायदे सांगतात. त्या कागदाला आपण खरेदीखत म्हणतो. हे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदावे लागते. त्या कचेरीलाच आपण रजिस्टर कचेरी म्हणतो.

खरेदीखताच्या आधी आपण विसार देतो आणि साठेखत करतो. साठेखत म्हणजे 'पुढे घर देईन' असा करार. त्याने घराची मालकी मिळत नाही. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतले, नोटरीचा शिक्का मारला, तरी मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्र करून घर 'विकले', असेही लोक करतात. त्यानेही मालकी मिळत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून खरेदीखताच्या दिवशी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. विकणाराला पैसे मिळावेत. खरेदीखताची नोंदणी व्हावी. आणि घेणाराला घराचा ताबा मिळावा. पैसा, कागद आणि किल्ली ही तीन चाके आहेत. एक चाक अडले, तर बाकीची दोनही थांबवावी. दोन चाकांवर गाडी ओढायला जाल तर ती कलंडेल.

दादा-वहिनींची गोष्ट

आता एक गोष्ट ऐका. नावागावाची गरज नाही. घर घेणाऱ्यांना आपण दादा आणि वहिनी म्हणू. विकणाऱ्यांना अण्णा म्हणू. अण्णांच्या बहिणीला आक्का म्हणू. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत.

दादा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवीत. वहिनी शिवणकाम करीत आणि दोन शेळ्या पाळीत. चौदा वर्षे ते भाड्याच्या खोलीत राहिले. अण्णांचे गावठाणातले दोन खणी घर सहा लाखांना ठरले. एक लाख रुपये विसार बँकेतून दिला. त्यासाठी वहिनींनी बोरमाळ मोडली. उरलेल्या पाच लाखांचा बँक ड्राफ्ट अण्णांच्या नावाने काढला. खरेदीखताचा दिवस ठरला शुक्रवार.

घर अण्णांच्या वडिलांचे होते. वडील वारले होते. म्हणून बहिणीची सही लागणार होती. आक्का सकाळच्या एस.टी.ने निघाल्या. घाटात गाडी बंद पडली. अकरा वाजले, बारा वाजले, आक्कांचा पत्ता नाही.

दादा येरझाऱ्या घालू लागले. वहिनी मात्र वकिलांजवळ जाऊन म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमचा कागूद जरा वाचायला द्या."

वकील म्हणाले, "अहो बाई, सगळं बरोबर आहे. तुम्ही फक्त सही करायची."

"सही करायचीच हाय. पण आधी वाचते. दोन वर्सं शाळेला गेले ती कशासाठी?"

वहिनींनी झाडाखाली बसून खरेदीखत उघडले. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेजारी ग्रामपंचायतीचा उतारा ठेवला. तिसऱ्या पानावर बोट थांबले.

"अहो, इकडं या. उताऱ्यावर घराचा नंबर एकशे एक्केचाळीस हाय. आन् ह्या कागदात एकशे चौदा लिवलाय. एकशे चौदा म्हंजी तर वेशीजवळचा गोठा!"

वकिलांनी चष्मा लावून पाहिले. चूक खरी होती. टंकताना आकडे उलटे पडले होते. त्यांनी ते पान बदलले. कचेरीच्या यंत्रात भरलेली माहितीही दुरुस्त करून घेतली. ते म्हणाले, "बाई, बरं झालं आत्ताच सापडलं. नोंदणी झाल्यावर सापडलं असतं, तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागला असता. त्यासाठी अण्णांना आणि आक्कांना पुन्हा बोलवावं लागलं असतं."

आक्कांची गाडी वेळेवर आली असती, तर हा कागद न वाचताच नोंदला गेला असता. उशिराने त्या दिवशी घर वाचवले.

अडीच वाजता आक्का आल्या. त्यांनाही कागद वाचून दाखवला. सर्वांनी सह्या केल्या. आता नंबर लागणार, इतक्यात सर्व्हर बंद पडला. पाच वाजले. साहेबांनी सांगितले, "आज होणार नाही. सोमवारी या."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी शहरात मुलाजवळ खोली घेतली होती. तिचे पैसे त्यांना शनिवारी द्यायचे होते. मध्ये दलाल होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, एवढं काय त्यात? सह्या झाल्यात की. ड्राफ्ट अण्णांना देऊन टाका. किल्ली घ्या. नोंदणीचं काय, सोमवारी होईल, नाहीतर पुढच्या महिन्यात होईल. माणूस काय पळून जातोय?"

दादांचे मन हलले. बाहेर टेंपोवाला उभा होता. घरी शेजारणी वाट पाहत होत्या. दादांनी वहिनींकडे पाहिले.

वहिनी म्हणाल्या, "अण्णा, तुमच्यावर अविश्वास न्हाई. पण माणसाचं काय, आज हाय, उद्या न्हाई. तुमचंबी आन् आमचंबी. ड्राफ्ट तुमच्या नावाचा हाय. तो दुसऱ्या कुणाला चालायचा न्हाई. तो आमच्या पेटीत ऱ्हाईल. तुमचं घर तुमच्या कुलपात ऱ्हाऊ द्या. सोमवारी एका हातानं द्या, एका हातानं घ्या."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरं आहे. पण माझ्या खोलीचं काय?"

तेव्हा दादांनी एक चांगले काम केले. त्यांनी अण्णांना खोलीवाल्याला फोन लावायला सांगितले. स्वतःही बोलले. ड्राफ्टचा आणि कचेरीच्या पावतीचा फोटो त्याला पाठवला. खोलीवाल्याने मंगळवारपर्यंत मुदत दिली. ती मुदत त्याने लिहूनही पाठवली. एकाचा उशीर हा पुष्कळदा तिघांचा उशीर असतो. म्हणून ज्याचे ज्याचे काम अडणार आहे, त्याला वेळेवर कळवावे. लपवून ठेवले की संशय वाढतो. सांगितले की माणूस थांबतो.

सह्या झालेले खरेदीखत कुणाजवळ ठेवायचे, हाही प्रश्न होता. त्यात 'सर्व पैसे मिळाले' असे लिहिलेले होते. ते दादांनी नेले, तर अण्णांना धाकधूक. अण्णांनी नेले, तर दादांना. म्हणून ते वकिलांजवळ ठेवले. 'दोन्ही पक्ष मिळून आल्याशिवाय कुणा एकाला देणार नाही,' अशी वकिलांची सहीची पावती दोघांनी घेतली.

सोमवारी काम झाले. दादांचा अंगठा यंत्रावर उमटेना. ट्रॅक्टरच्या कामाने बोटे झिजली होती. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा लावला, तेव्हा उमटला. नोंदणीची पावती हातात पडली. त्याच ठिकाणी दादांनी ड्राफ्ट अण्णांना दिला. अण्णांनी किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली. म्हणाले, "मागच्या दाराची कडी जरा वर उचलून लावायची. माझ्या आईनं मला असंच सांगितलं होतं."

टेंपो मंगळवारी भरला.

कायदा किती दिवस थांबतो?

'आज नोंदणी झाली नाही, तर सगळे रद्द होईल,' अशी भीती पुष्कळांना वाटते. दलालही ती घालतात. ती भीती खोटी आहे.

नोंदणीच्या कायद्याप्रमाणे, सही झाल्या दिवसापासून चार महिन्यांच्या आत खरेदीखत नोंदणीसाठी हजर करता येते. म्हणजे १० जूनला सही झाली, तर १० ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. तातडीच्या गरजेने किंवा टाळता न येणाऱ्या अडचणीने तेही जमले नाही, तर आणखी चार महिन्यांपर्यंत वरिष्ठ अधिकारी परवानगी देऊ शकतात. पण तेव्हा दंड पडतो. तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत असू शकतो.

आणखी एक गोष्ट. सही शुक्रवारी झाली आणि नोंदणी सोमवारी झाली, तर खरेदीखताचा अंमल साधारणपणे शुक्रवारपासूनच धरतात. नोंदणी मात्र झालीच पाहिजे. ती झाली नाही, तर त्या कागदाने मालकी मिळत नाही.

चार महिने आहेत म्हणून निवांत बसू नये. पुढच्या कामाच्या दिवशीच जावे. पण दोन-तीन दिवसांसाठी जीव टांगणीला लावू नये.

मुद्रांक शुल्काचा नियम वेगळा आहे. त्याला इतके दिवस मिळत नाहीत. ते सहीच्या आधी किंवा सही करताना भरावे. फार तर सहीनंतरच्या कामाच्या दिवशी भरले तरी चालते. म्हणून शुल्क भरल्याची पावती हातात आल्याशिवाय सही करू नये.

कशाने उशीर होतो, आणि काय करावे?

१. सर्व्हर बंद पडतो. यात कुणाचा दोष नसतो. विकणारावर राग काढू नये. कचेरीत विचारावे की आजचा क्रमांक पुढे चालेल की नवी वेळ घ्यावी लागेल. जे सांगतील ते लिहून ठेवावे. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. शुक्रवार टाळावा, कारण शनिवार-रविवारी पुष्कळ कचेऱ्या बंद असतात. मार्च अखेरीला फार गर्दी असते. १ एप्रिलला नवे बाजारभाव लागू होऊ शकतात, म्हणून सगळे मार्चमध्ये धावतात.

२. सही करणारा येत नाही. विकणारा एकटा नसतो. त्याचे भाऊ, बहिणी, आई यांचाही हिस्सा असू शकतो. मुलींना विसरू नका. वडील वारले की त्यांच्या मिळकतीत मुलगीही वारस असते, असे १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो. २००५ साली त्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे. तेव्हा 'बहिणीची सही नंतर घेऊ' असे कुणी म्हणाला, तर थांबावे. एक सही राहिली, तर उद्या दावा उभा राहतो.

सही करणारा फार आजारी किंवा म्हातारा असेल, तर अधिकारी त्याच्या घरी येऊन नोंदणी करू शकतात. त्यासाठी आधी अर्ज आणि फी भरावी लागते. हे पुष्कळांना माहीत नसते.

३. बोजा उतरलेला नसतो. विकणाराने घरावर बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते. 'दाखला उद्या आणतो,' असे तो म्हणतो. मग खरेदीखतही उद्याच करावे. नाहीतर त्याचे कर्ज तुमच्या घराला चिकटून राहील. कर्ज फेडण्यासाठीच त्याला तुमचे पैसे हवे असतील, तर दोघांनी मिळून बँकेत जावे. कर्जाची रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरावी. दाखला हातात घ्यावा.

४. पैसे वेळेवर येत नाहीत. ड्राफ्ट आदल्या दिवशीच काढून ठेवावा. ड्राफ्ट काढल्या तारखेपासून तीन महिने चालतो. त्याहून उशीर झाला, तर बँकेत जाऊन त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. आता खात्यातून खात्यात पैसे रात्रीही आणि सुटीच्या दिवशीही पाठवता येतात. मोठ्या रकमेची ही सोय डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे. म्हणून 'बँक बंद होईल, पैसे आत्ताच सोडा' या बोलण्याला भुलू नये. नोंदणी झाल्यावर संध्याकाळीही पैसे पाठवता येतील. रोख रक्कम मात्र देऊ नये. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रुपये रोख घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्याने, थोडे अपवाद सोडून, मनाई केली आहे. शिवाय रोख पैशाला पुरावा राहत नाही.

५. घर रिकामे नसते. नोंदणीच्या दिवशी सकाळी घराला एक फेरी मारावी. भाडेकरू आहे का? सामान आहे का? असेल तर आधी घर मोकळे होऊ द्यावे. आत माणूस राहत असताना पैसे देऊ नयेत.

६. 'ताबा आधी घ्या' असे विकणारा म्हणतो. ऐकायला हे गोड वाटते. पण नोंदणीआधी ताबा घेतला, तर साठेखतावरच खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क मागितले जाऊ शकते. आणि कागद पुरा नसताना घरात घातलेली कौले, फरशी, रंग यांचा पैसा धोक्यात येतो.

उशिराचा कागद करा

नोंदणी पुढे गेली, की तोंडी बोलण्यावर राहू नये. तिथल्या तिथे एक साधा कागद लिहावा. तुम्हाला आता लिहिता येते. हा नमुना वहीत उतरवून ठेवा.

"आज दिनांक ........ रोजी आम्ही दोघे, लिहून देणार व लिहून घेणार, मौजे ........ येथील घर मिळकत क्रमांक ........ याच्या खरेदीखताच्या नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालय, ........ येथे हजर होतो. ........ या कारणाने आज नोंदणी झाली नाही. आम्ही दिनांक ........ रोजी पुन्हा हजर राहू. तोपर्यंत बाकी रक्कम रुपये ........ लिहून घेणाराजवळ राहील आणि घराचा ताबा लिहून देणाराजवळ राहील. साठेखताच्या इतर अटी कायम आहेत. हा कागद आम्ही वाचून, समजून सही केला आहे."

खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. कागदाच्या दोन प्रती कराव्या. एक त्यांना, एक तुम्हाला. साठेखतात खरेदीखताची शेवटची तारीख लिहिलेली असेल आणि ती टळत असेल, तर हा कागद फारच महत्त्वाचा आहे. पुढे कुणी म्हणाले, "तुम्हीच वेळेवर आला नाहीत," तर तुमच्याजवळ पुरावा असेल.

उशीर दोन-चार दिवसांचा न राहता महिन्याचा झाला, तर आणखी एक काळजी घ्यावी. नवी तारीख येण्याआधी घराचे उतारे आणि रजिस्टर कचेरीतल्या नोंदी पुन्हा पाहाव्या. मधल्या दिवसांत घर दुसऱ्या कुणाला विकले नाही ना, गहाण टाकले नाही ना, हे त्यातून कळते.

विकणारा पुन्हा पुन्हा टाळाटाळ करू लागला, तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. 'आमचे पैसे तयार आहेत, अमुक तारखेला या,' असे पत्र पोस्टाने पाठवा आणि त्याची पोच घ्या. करार पुरा करून मागण्याचा दावा, ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

बिऱ्हाड हलवताना

उशिराचा खरा ताप घरातल्या माणसांना होतो. सामान टेंपोत, चूल बांधलेली, मुले पायरीवर. म्हणून खरेदीखत आणि बिऱ्हाड एकाच दिवशी ठेवू नका. मध्ये निदान चार-आठ दिवस असू द्या. जुन्या घरमालकाला आधीच सांगून ठेवा, "महिनाअखेरपर्यंत राहू." चार दिवसांचे जादा भाडे पडले तरी चालेल. लाखांच्या व्यवहारात ती फार मोठी रक्कम नाही.

कचेरीत जाताना भाकरी, पाणी आणि म्हाताऱ्यांची औषधे बरोबर घ्या. लहान मुले शेजारी ठेवा. आधार कार्ड, पॅन कार्ड, उतारे, पावत्या, सगळे मूळ कागद एका पिशवीत ठेवा. ओळख पटवायला दोन माणसे लागतात. तिसरा एक जण सांगून ठेवा. एखादा आयत्या वेळी येत नाही.

आणि मुहूर्ताविषयी. पुष्कळांना वाटते, ठरलेला मुहूर्त हुकला म्हणजे अपशकुन झाला. दसऱ्याला आणि पाडव्याला तर सरकारी कचेऱ्यांना सुटीच असते. म्हणून पूजेचा दिवस वेगळा ठेवा आणि नोंदणीचा वेगळा. आधी कागद पुरा होऊ द्या. मग हव्या त्या शुभ दिवशी दाराला तोरण बांधा. कागद नीट असेल, तर त्या घरातला प्रत्येक दिवस चांगला.

शेवटी विकणाराविषयी दोन शब्द. तो आपला वैरी नव्हे. घर सोडणेही सोपे नसते. त्यालाही कुठे तरी पैसे द्यायचे असतात. आपण पैसे अडवून धरत नाही, सांभाळून ठेवतो, हे त्याला शांतपणे सांगावे. आवाज चढवून काम होत नाही. ज्या गावात राहायला जायचे, तिथे पहिल्या दिवशीच तंटा कशाला?

नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घ्या. मग ग्रामपंचायतीत आणि मिळकत पत्रिकेवर आपले नाव लावून घ्या. वीज मीटरवरही नाव बदलून घ्या. हे झाले, की घराचे काम पुरे झाले.

लक्षात ठेवा

पैसा, कागद आणि किल्ली यांची देवघेव एकाच वेळी करा.
सहीआधी खरेदीखत वाचा. घराचा नंबर, चार बाजू, क्षेत्रफळ आणि नावे उताऱ्याशी ताडून पाहा.
सर्व वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका.
नोंदणी पुढे गेली तर नव्या तारखेचा कागद करा.
सहीपासून चार महिने नोंदणीची मुदत असते. घाबरू नका, पण आळसही करू नका.

प्रश्न

१. साठेखताने घराची मालकी मिळते का?
२. वहिनींना खरेदीखतात कोणती चूक सापडली? ती कशामुळे सापडली?
३. दलालाचे ऐकून दादांनी ड्राफ्ट दिला असता, तर काय होऊ शकले असते? वर्गात बोला.
४. सह्या झालेले खरेदीखत वकिलांजवळ का ठेवले?
५. पाठातला कागदाचा नमुना रिकाम्या जागा भरून आपल्या वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

विसार – व्यवहार पक्का करण्यासाठी आधी दिलेली रक्कम.
दस्त – कायद्याच्या कामाचा लेखी कागद.
बोजा – घरावर किंवा जमिनीवर असलेले कर्ज.
ताबा – घर प्रत्यक्ष आपल्या हाती असणे.
कुलमुखत्यारपत्र – आपल्या वतीने काम करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार.
सूची क्रमांक दोन – नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा.